बॉनेटखालचं बटण

चौथ्या रात्रीही दोन चाळीसला ओरडली.
स्वेटर चढवून खाली गेले, रिमोट दाबला,
तीनदा दाबल्यावर गप्प झाली.
बोरस्तेंच्या गॅलरीत दिवा लागला, विझला.
पहिल्या रात्री त्यांनी विचारलं होतं, चोर का?
दुसऱ्या रात्री, मांजर का?
आता नुसता दिवा.

सकाळी द्वारकेला यासीन मिस्त्रीकडे नेली.
त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं,
मॅडम, सेटच बदला, चार हजार आठशे.
नाहीतर काढूनच टाका.
पंचवीस वर्षांची झेन, ही कोण नेणार?
हे वाक्य मला लागलं.
मग त्यानं गाडी हलवून हलवून दाखवली:
इंजिनाचं माउंटिंग बसलंय,
डाव्या आर्मचं बुश गेलंय,
क्लचची वायर दोन धाग्यांवर आहे.
बिलाच्या पाठीमागे यादी लिहून दिली, वर चहा पाजला.

घरी येऊन मीटर काढला.
कॅनडा कॉर्नरच्या एक्स्चेंजात बत्तीस वर्षं
मी मुक्या फोनांचे फॉल्ट शोधलेत.
आमचे गायधनी साहेब सांगायचे,
लाइन लांब आहे म्हणून घाबरायचं नाही,
मधोमध तोडायची.
ज्या अर्ध्यात आवाज येतो ते सोडून द्यायचं.
उरलेलं पुन्हा मधोमध.

तर बॅटरी: बारा पॉइंट चार. ठीक.
चारी दारांची बटणं सुटी केली. रात्री ओरडली.
म्हणजे दारं निर्दोष.
डिकीचं काढलं. ओरडली.
बोरस्तेंच्या सुनेनं दुधाची पिशवी उचलताना
माझ्याकडे बघितलंच नाही.
उरलं एक, बॉनेटखालचं,
करंगळीच्या पेराएवढं.
दुपारी दाबून पाहिलं तर छान चालतं.
दुपारी सगळंच छान चालतं.

म्हणून सातव्या रात्री पार्किंगात खुर्ची टाकली.
कानटोपी, थर्मास, मीटरच्या दोन वायरी.
निफाडला पाच अंश, सकाळी पेपरात येईलच.
तिकडे बागांत शेकोट्या पेटवून
द्राक्षवाले बसले असतील,
काही होऊ नये म्हणून जागे.
मी, काहीतरी व्हावं म्हणून.

पत्रा थंडीनं आखडत गेला.
बटणाच्या डोक्यावरची रबरी टोपी
झिजून झिजून पापडाएवढी उरलेली,
बॉनेट तिला दिवसा जेमतेम टेकायचं.
दोन एकोणचाळीस.
काटा थरथरला, पडला, पुन्हा थरथरला,
आणि बॉनेट केसभर सुटलं.

खोटं बोलतच नव्हती ती.
केसभर का होईना, उघडलंच होतं.

तिच्या किंकाळीत मी एकटीच हसत होते
तेव्हा बोरस्ते शाल गुंडाळून खाली आले.
सापडला?
सापडला. टॉर्च धरा.
टॉर्च धरला, वाकून बघितलं, म्हणाले, एवढंसं?
वर जाऊन नातवाच्या सायकलची फाटकी ट्यूब घेऊन आले,
सुनेची भाजीची कात्रीही.
तिला सांगू नका, म्हणाले.
पाच रुपयाच्या नाण्याएवढे दोन तुकडे,
एकावर एक, मध्ये सोल्युशन.
तुमचा हात अजून हलत नाही हो, म्हणाले.
म्हटलं, टॉर्च हलतोय. सरळ धरा.

त्यानंतर तीन रात्री गाडीनं हूं की चूं केलं नाही.
यादी डॅशबोर्डच्या कप्प्यात होती.
सोमवारी क्लचची वायर, असं ठरवलेलं,
आणि सोमवारी सकाळी
द्वारकेच्या सिग्नलला, हिरव्या दिव्यावर, ती तुटली.
मागे सटाण्याची एसटी, तिच्यामागे कांद्याचे दोन ट्रॅक्टर,
सगळ्यांचे हॉर्न एका सुरात.
यासीनचं दुकान शंभर पावलांवर.
हात पुसत चालत आला, डिकीला खांदा लावला,
आणि ढकलता ढकलता विचारलं,
अलार्म तरी चालू आहे ना, मॅडम?

म्हटलं, एकदम.